चारचौघांतील वाचन

वाचन म्हटले की एकांतात पुस्तक उघडून बसलेला मनुष्य आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. ओठ मिटलेले, दृष्टी पानावर खिळलेली, आजूबाजूस काय चालले आहे याचे भान हरपलेले. हे चित्र खोटे नाही. परंतु ते फार जुनेही नाही. साक्षर माणसे थोडी आणि पुस्तके त्याहून थोडी, अशी आपल्याकडे दीर्घकाळ स्थिती होती. त्यामुळे वाचन हे बहुधा मोठ्याने आणि चारचौघांत होत असे. एकाने वाचावे व दहांनी ऐकावे, अशी रीत होती. त्या रीतीतून पुढे काय निघाले, आणि शाळेच्या वर्गात किंवा गावच्या वाचनालयात पाच-दहा जणांनी मिळून एखादी कविता वा पुस्तक वाचावयाचे ठरविले तर त्यांच्या हाती काय लागते, याचा थोडा विचार या पाठात करावयाचा आहे.

चातुर्मासात देवळात किंवा कोणाच्या ओसरीवर पोथी लावण्याची चाल महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालत आली. श्रीधर कवीने ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभी रचले. ते खेडोपाडी जाऊन पोहोचले ते अशा पोथीवाचनामुळे. वाचणारा एक ओवी म्हणे, थांबे, तिचा अर्थ सांगे आणि मग पुढच्या ओवीकडे वळे. समोर बसलेल्यांत अक्षरओळखही नसलेल्या कितीतरी बायाबापड्या असत. पण वर्षानुवर्षे ऐकून त्यांना अध्यायच्या अध्याय तोंडपाठ होत. वाचणाऱ्याचा एखादा शब्द चुकला तर कोपऱ्यात वाती वळीत बसलेली आजीबाई तो तेथल्या तेथे दुरुस्त करी. तिला स्वतःचे नाव लिहिता येत नसे, तरी द्रौपदीचे दुःख आणि सुदाम्याचे पोहे तिच्या परिचयाचे होते. लिहिता-वाचता न येणे ही एक गोष्ट आणि साहित्यास पारखे असणे ही दुसरी.

छापखाना आला, वर्तमानपत्रे आली, तरी ही सवय एकदम सुटली नाही. 1881 साली निघालेला ‘केसरी’ गावोगावी पारावर मोठ्याने वाचला जाई. 1890 साली हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली. एक अंक वाचून झाला की यमूचे पुढे काय होणार, याचा विचार करावयास वाचकांपाशी एक आठवडा असे. यमू ही लहान वयात लग्न झालेली, पुढे विधवा झालेली आणि जिचे बळजबरीने केशवपन करण्यात आले अशी मुलगी. तशा यमू त्या काळी घरोघर होत्या. म्हणून त्या कादंबरीविषयी बोलणे म्हणजे माजघरातील दुःखाविषयी बोलणे होते. आपल्या सुनेचे किंवा बहिणीचे नाव घेऊन जे बोलता येण्यासारखे नव्हते, ते यमूचे नाव घेऊन बोलता येण्यासारखे होते. कल्पित पात्र हे माणसांना असे उपयोगी पडते.

येथे आणखी एका प्रसंगाची आठवण होते. 1932 साली स्वातंत्र्याच्या चळवळीतील अनेक सत्याग्रही धुळ्याच्या तुरुंगात होते. त्यांच्यासमोर विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर प्रवचन करावे, असे ठरले. 21 फेब्रुवारीस आरंभ झाला आणि 19 जूनला अठरावा अध्याय संपला. अठरा रविवार, अठरा अध्याय. एकही रविवार चुकला नाही. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते आणि विनोबांचे बोलणे ते तेथेच लिहून घेत होते. आज आपण ‘गीता प्रवचने’ म्हणून जे पुस्तक वाचतो, ते त्या लेखणीमुळे आपल्यापर्यंत आले. चांगले ऐकणारा भेटला तर बोलणाऱ्याचे बोलणे कोठवर टिकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

तरीही पोथी काय किंवा प्रवचन काय, त्यांत सांगणारा एक असतो आणि बाकीचे ऐकणारे असतात. आपण ज्याला चर्चा म्हणतो ती याहून निराळी. तेथे प्रत्येकाने वाचावयाचे असते, प्रत्येकाने बोलावयाचे असते आणि प्रत्येकाने ऐकावयाचेही असते. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत कठीण.

अशा चर्चेचे एक प्रसिद्ध उदाहरण पुण्यातील रविकिरण मंडळाचे आहे. 1923 साली स्थापन झालेल्या या मंडळात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, नाट्यछटाकार दिवाकर आदी मंडळी होती. रविवारी जमावे, चहा घ्यावा, नवी कविता वाचून दाखवावी आणि तिच्यावर इतरांनी मोकळेपणाने बोलावे, असा त्यांचा क्रम असे. कवी आपली वही उघडून समोर बसला आहे आणि त्याच्याच कवितेतील ढिला शब्द त्याचा मित्र त्याला दाखवीत आहे, हे दृश्य कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. दोघांनाही ते अवघड जात असणार! परंतु कवितेची पारख करणारे मित्र दर आठवड्यास भेटणे हे कोणत्याही कवीचे भाग्यच होय. या मंडळाने कविता चार भिंतींतच ठेवली नाही. यशवंत, गिरीश यांच्यासारखे कवी ठिकठिकाणी जाऊन आपल्या कविता गाऊन दाखवीत आणि सामान्य माणसे त्या ऐकावयास गर्दी करीत.

अशा मंडळास एक धोकाही असतो. तीच ती माणसे पुनःपुन्हा एकत्र बसली की त्यांची आवड एकसारखी होऊ लागते, आणि मग एकमेकांचे दोष कोणाला दिसेनासे होतात. रविकिरण मंडळाच्या वाट्यास हे काम करणारा एक बाहेरचा वाचक आला. प्र. के. अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने 1925 साली ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकवितांचा संग्रह काढला आणि त्या काळच्या कवींच्या लकबी अशा काही चव्हाट्यावर मांडल्या की महाराष्ट्र पोट धरून हसला. विडंबन करणाऱ्याला मूळ कविता फार बारकाईने वाचावी लागते, हे मात्र हसताना पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आता वर्गाकडे वळू. बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता अवघ्या आठ ओळींची आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्यांचे नाव. जन्म 1890 साली खानदेशातील धरणगावचा. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि 1918 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते रेल्वेच्या अपघातात गेले. या कवितेत घडत असे काहीच नाही. हिरव्या काठांमधून एक झरा वाहतो, टेकडीच्या बाजूस एक लहानसे गाव आहे, शेतांतून एक पांढरी पायवाट काळ्या डोहाकडे जाते, आणि डोहाच्या पाण्यावर दाट सावली टाकून एक औदुंबर, म्हणजे उंबराचे झाड, पाण्यात पाय सोडून बसले आहे. एवढेच.

ही कविता मी एकदा आठवीच्या वर्गात घेतली. प्रथम ती दोनदा सावकाश, मोठ्याने वाचली. अर्थ सांगितला नाही. “हे झाड तुम्हांला कसे दिसते?” एवढेच विचारले. वर्ग काही वेळ स्तब्ध होता. मग पुढच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, “घाटावर पाय हलवीत बसलेल्या लहान मुलासारखे. त्याला कसली काळजीच नाही.” दुसरीच्या घरी गुरुचरित्राचे पारायण होत असे. ती म्हणाली, “औदुंबर हे दत्तगुरूंचे झाड. ते तेथे ध्यानाला बसले आहे.” एका मुलाला ही दोन्ही उत्तरे पटली नाहीत. “सर, गाव मागे राहते, शेते मागे राहतात आणि वाट काळ्या डोहाशी जाऊन संपते,” तो म्हणाला. “मला तर तेथे जावेसे वाटले नाही. ते झाड फार एकटे आहे.”

तीन मुले आणि तीन झाडे! मुले आता आपापसांत बोलू लागली होती. काळोखी सावलीला कवी गोड कसे म्हणतो, यावर दोन बाकांमध्ये चांगलीच जुंपली. तेवढ्यात अगदी मागच्या बाकावरून एक आवाज आला. हा मुलगा नदीकाठच्या वस्तीवरून दोन कोस चालत शाळेस येई आणि मराठीच्या तासास सहसा तोंड उघडीत नसे. “सर, उंबर पाण्यात पाय सोडतोच,” तो म्हणाला. वर्ग हसला. मी त्याला पुढे बोलावयास सांगितले, तेव्हा थोडा अडखळत, पण मग न थांबता त्याने सांगितले ते असे: उंबर ओढ्याच्या काठाने वाढतो. पुराच्या पाण्याने काठची माती निघून जाते, मुळ्या उघड्या पडतात आणि तशाच खाली पाण्यात उतरतात. वरची सावली इतकी दाट असते की भर दुपारीही खालचा डोह काळा दिसतो. उंबरे पिकली की टपटप पाण्यात पडतात आणि ती खावयास मासे वर येतात. “आणि शेतातून उन्हात चालत आल्यावर त्या काळ्या सावलीत बसावयास मिळाले, तर गोड वाटणार नाही का?” त्याने विचारले.

या वेळी कोणी हसले नाही. पाण्यात पाय सोडून बसलेले झाड ही कवीची एक सुंदर कल्पना, असे आम्ही सारे मानून चाललो होतो. ती आधी कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट होती, हे त्या मुलाने आम्हांस दाखविले. ते कळल्यावर कल्पनेचे सौंदर्य कमी झाले नाही, उलट वाढले. लहान मूल म्हणणाऱ्या मुलीने पुस्तक पुन्हा उघडले. डोहाजवळ जावेसे न वाटणारा मुलगा म्हणाला, “म्हणजे तेथे बरेही वाटते आणि भीतीही वाटते.” तास संपला तेव्हा एकच असा अर्थ ठरला नव्हता. त्यात विशेष काही नाही. याच आठ ओळींविषयी मराठीतील थोर समीक्षकांतही एकमत नाही. कोणाला तेथे बाल्याची निश्चिंत शांती दिसते, कोणाला विरक्ती, तर कोणाला बालकवींच्या पुढील काही कवितांत दाटून आलेली उदासीनता.

यावरून कवितेचा अर्थ कोणी काहीही करावा, असे कोणास वाटेल. पण ते बरोबर नाही. त्याच तासास एका मुलाने सांगितले की, कवी परगावाहून घरी परतला आहे आणि त्याची आई वाट पाहत आहे. मी विचारले, “कोठे?” त्याने ओळींवरून बोट फिरविले, पुन्हा फिरविले आणि आपणच हसून खाली बसला. ती गोष्ट त्याच्या मनात होती, कवितेत नव्हती. ‘कोठे?’ हा एक शब्द सहवाचनात फार उपयोगी पडतो. “हे पात्र मला आवडले नाही”, “ही गोष्ट दुःखाची आहे”, “लेखक श्रीमंतांची बाजू घेतो” असे कोणी म्हटले की त्याला शांतपणे विचारावे, कोठे? बोलणाऱ्याने पान काढावे, वाक्य वाचून दाखवावे. वाद दोन माणसांत राहत नाही. तो त्या वाक्याशी सुरू होतो आणि आवाज आपोआप खाली येतो. मत बदलावयास लागले तरी त्यात कमीपणा वाटत नाही, कारण आपल्याला हरविणारा शेजारी नसतो, पान असते.

याच्या उलट प्रकार पुष्कळ शाळांतून चालतो. कविता वाचण्याआधीच फळ्यावर तिचा अर्थ लिहून होतो, मुले तो वहीत उतरून घेतात आणि उरलेले काम गाईड पुरे करते. अशा वेळी मागच्या बाकावरील त्या मुलास बोलावयास जागाच राहत नाही. त्याला उंबर ठाऊक असतो. परंतु उंबर ठाऊक असणे हे मराठीच्या तासाचे ज्ञान आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो गाईडातील चार वाक्ये पाठ करतो, गुण मिळवितो, आणि त्याच्याच ओढ्याकाठची कविता त्याला परकी वाटत राहते. असे किती विद्यार्थी शाळा सोडल्यावर कवितेच्या पुस्तकास पुन्हा हात लावीत असतील?

चर्चेच्या वर्तुळात कोण बसले आहे आणि कोण बाहेर उभे आहे, हा प्रश्न केवळ वर्गापुरता नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने 1878 साली पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरली. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा आरंभ तेथून मानतात. 1885 साली पुन्हा सभा भरावयाची होती, तेव्हा जोतीराव फुले यांनाही बोलावणे गेले. त्यांनी येण्याचे नाकारले आणि नकाराचे कारण पत्राने कळविले. शेतकरी आणि शूद्रातिशूद्र यांनी जे भोगले ते या ग्रंथकारांच्या पुस्तकांत नाही, तेव्हा अशा सभांत मिसळून आमचे हित होणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. सभा भरविणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे कोणी नाकारणार नाही. तरी फुल्यांचा आक्षेप खरा होता, आणि त्याला उत्तर मिळावयास पुष्कळ वर्षे लागली. ज्यांचे जगणे पुस्तकांत नव्हते त्यांनी पुढे स्वतः लेखणी हाती घेतली, तेव्हा मराठी वाचकास आपल्या शेजारच्या वस्तीचा परिचय नव्याने झाला. म्हणून वाचकांचे मंडळ जमविताना एकाच आळीतील, एकाच वयाची, एकाच शिक्षणाची माणसे गोळा करू नयेत. शेतात राबणारा एक जण, घर सांभाळणारी एक बाई, एखादी महाविद्यालयात जाणारी मुलगी, एखादे आजोबा अशी मंडळी असली की ‘औदुंबर’च्या तासास जे घडले ते तेथे घडण्याचा संभव असतो.

यासाठी जागा शोधत फार दूर जावे लागत नाही. महाराष्ट्रात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचे. 1967 साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि पुढे लहान गावांतूनही ग्रंथालये उभी राहिली. त्यांतील कित्येकांत आज वर्तमानपत्रे चाळणारी चार माणसे दिसतात आणि कपाटांना कुलपे दिसतात. त्याच टेबलाभोवती पंधरवड्यातून एकदा आठ-दहा खुर्च्या मांडल्या, तर आणखी कशाची फारशी गरज लागत नाही. एक शब्दकोश मात्र जवळ असावा. संख्या आठ-दहांहून अधिक झाली की लाजऱ्या माणसास आपली पाळी टाळता येते. तेव्हा दोन मंडळे करावीत हे बरे. ज्याने बैठक चालवावयाची त्याने स्वतःचे मत शेवटी सांगावे. हे शिक्षकांना विशेष अवघड जाते, कारण शांतता पसरली की ती आपल्या बोलण्याने भरून काढण्याची त्यांना सवय असते. मिनिटभराच्या शांततेने काही बिघडत नाही. पुष्कळदा त्या मिनिटात कोणीतरी बोलण्याचा धीर गोळा करीत असतो.

कादंबरी बैठकीत मोठ्याने वाचणे शक्य नसते. ती प्रत्येकाने घरी वाचून यावे आणि बैठकीत तिचे एखादे प्रकरण निवडून त्यावरच बोलावे. सबंध कादंबरीवर एकदम बोलू लागले की गोष्ट सांगण्यातच वेळ जातो. काही जण पुस्तक न वाचताच येतात! त्यांना परत पाठवू नये. त्यांच्या हाती पुस्तक द्यावे आणि निवडलेले पान त्यांनाच मोठ्याने वाचावयास लावावे. पुढच्या खेपेस ते बहुधा वाचून येतात.

पहिल्या बैठकीस काय घ्यावे, असे कोणी विचारले तर मी दिवाकरांची एखादी नाट्यछटा सुचवीन. रविकिरण मंडळातील हे दिवाकर, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे, पेशाने शाळामास्तर होते. त्यांच्या नाट्यछटेत एकच माणूस बोलत असतो. तो कोणाशी बोलतो आहे, समोरचा काय म्हणाला, बोलणाऱ्याच्या मनात एक आणि ओठांवर दुसरे असे तर नाही ना, हे सारे आपणच ओळखावयाचे असते. एक-दोन पानांचा मजकूर, वाचावयास पाच मिनिटे. प्रथम एकाने तो वाचावा. नंतर तोच मजकूर दुसऱ्याने, पहिल्याची नक्कल न करता, आपल्या मनाला पटेल तशा स्वरात वाचावा. पहिल्याच्या तोंडी जो मनुष्य भला वाटला होता, तो दुसऱ्याच्या तोंडी ढोंगी वाटू लागला, तर मग दोघांनाही विचारावे, कोठे?